वडिलांशी बोलायला आलो तेव्हा

माझ्या वडिलांच्या एकाच दिवशी दोन गोष्टी गेल्या. शरीराची उजवी बाजू गेली आणि मराठी गेलं. उजवी बाजू चार-पाच महिन्यांत थोडीफार परत आली. भिंतीला धरून ते मोरीपर्यंत जायला लागले. मराठी मात्र आलं नाही.

आमचं घर तेलुगू. सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांची जी दाट वस्ती आहे, तिथल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या. पणज्याच्या आधी कधीतरी आमची माणसं तेलंगणातून माग चालवायला इकडे आली आणि इथलीच झाली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, असं सगळ्या बोळाचं होतं. वडील चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आई घरी विड्या वळायची. मी तिच्या मांडीला टेकून तेंडूच्या पानांच्या वासात बोलायला शिकलो, तेव्हा अर्थातच तेलुगू शिकलो.

मी सहा वर्षांचा असताना आई काविळीने गेली. वडिलांना दिवसभर कारखाना, आणि आता पुढचं सगळं एकट्याने करायचं म्हणून त्यांनी दुसरी पाळीही धरली. मला बघणार कोण? शेजारच्या अक्का, ज्या आईबरोबर विड्या वळायच्या, त्या म्हणाल्या होत्या की पोरगं माझ्या चारांत पाचवं वाढेल. पण वडिलांच्या डोक्यात काही वेगळंच होतं. मागाचा खडखडाट माझ्या कानात बसता कामा नये, असं ते म्हणायचे. कुणीतरी बार्शीच्या वसतिगृहाचं सांगितलं आणि जूनमध्ये मी तिथे पहिलीत बसलो.

तिथे तेलुगू कुणालाच येत नव्हतं. मी रडताना 'नायना, नायना' करायचो, म्हणजे बाबा, बाबा. मुलांना त्याची इतकी गंमत वाटली की महिनाभर सगळे मलाच 'नायना' म्हणून हाका मारत होते. मी तो शब्द टाकून दिला. त्यामागून बाकीचे शब्दही गेले, कधी गेले ते कळलं नाही. दिवाळीला घरी आलो तेव्हा वडील तेलुगूत विचारायचे आणि मी मराठीत उत्तर द्यायचो. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवसापासून तेच मराठीत बोलायला लागले, त्यांच्या त्या अडखळत्या, लई-हायच्या मराठीत. पुन्हा ते माझ्याशी तेलुगूत कधी बोलले नाहीत.

महिन्यातून एका रविवारी ते बार्शीला यायचे. रात्रपाळी करून तशीच पहाटेची एसटी धरायचे. आवाराच्या कडेला एक निंबाचं झाड होतं, त्याखाली आम्ही बसायचो. एक रविवार मला नीट आठवतो, कारण मी त्यांना सांगायला पुष्कळ काही जमवून ठेवलं होतं. पोहायला शिकलो होतो. पाढे म्हणण्यात पहिला आलो होतो. त्यांनी पिशवीतून पेरू काढून माझ्या हातात दिला, "खा," म्हणाले, झाडाला पाठ टेकली आणि झोपले. मी पेरू खाल्ला. त्यांच्या केसांत सुताचा पांढरा भुसा होता, तो एकेक करून काढत बसलो. उठवलं नाही. जेवणाची घंटा झाली तेव्हा ते दचकून उठले, उन्हाकडे बघितलं आणि म्हणाले, "आरं, गाडी!" मला जवळ घेतलं न घेतलं आणि स्टँडकडे पळत गेले. पाळी होती ना.

त्यांचं चुकलं असं मी कधीच म्हणू शकलो नाही. पुढे मीही तेच केलं. डिप्लोमा झाला, चाकणला एका कंपनीत मशिनांच्या देखभालीचं काम लागलं, लग्न झालं, मुलगी झाली. बायको बार्शीचीच, मराठी घरातली. रविवार आणि सणाच्या दिवशी मशिनं बंद असतात, म्हणून देखभाल तेव्हाच होते, आणि त्याचे जादा पैसे मिळतात. मी एकही सण सोडला नाही. वडिलांशी बोलणं फोनवर व्हायचं.

"जेवलास का?"

"हो. तुम्ही?"

"व्हय. पोरगी बरी हाय?"

"बरी आहे."

"बरं हाय मग. ठेवतो."

एकदाच त्यांनी काही मागितलं. सोलापुरात जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी फोन केला आणि म्हणाले, "पोरीला घेऊन ये की या वर्षी. पाळण्यात बसवू. मी चार दिवस सुट्टी टाकतो." सुट्टी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. माझं त्याच आठवड्यात कंपनीत मोठं काम निघालं होतं. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." ते लगेच म्हणाले, "काम हाय तर काम बघ. यात्रा कुटं जातीय." पुढच्या वर्षी त्यांनी विचारलं नाही आणि मला आठवलं नाही.

मग मस्कतची नोकरी चालून आली. दोन वर्षांचा करार. बायकोने आणि मी ठरवलं होतं की एवढी दोन वर्षं काढायची आणि मग निवांत व्हायचं. माझी वैद्यकीय तपासणीही झाली होती. त्याच आठवड्यात अक्कांचा फोन आला. "बाळा, लवकर ये. तुझा बाप नळावर पडला. बोलंना झालाय."

दवाखान्याच्या बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. आत वडिलांच्या नाकात नळी होती. मी बायकोला म्हणालो, "मी मस्कतला जात नाही. चाकणचंही सोडतो. इथेच काहीतरी बघतो."

ती मग म्हणाली, "दोन वर्षांचाच प्रश्न होता."

"दोन वर्षांनी हे असतील का?"

"नसतील," ती म्हणाली. "येते मी. पण एक सांगते, इथे येऊन पुन्हा डबल पाळी धरलीत तर मी पोरीला घेऊन माहेरी जाईन."

चाकणच्या साहेबांना हे पटलं नाही. "अरे, एक बाई ठेव त्यांच्यासाठी आणि पैसे पाठव. सगळे तेच करतात."

"मला त्यांच्याशी बोलायचंय, सर," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कागदावर सही केली.

हे मी खरंच म्हणालो होतो, आणि माझ्या मनात त्याचं चित्रही तयार होतं. अक्कलकोट रस्त्याला टॉवेलच्या एका छोट्या कारखान्यात मला दिवसपाळीचं काम मिळालं. पगार पूर्वीच्या मानाने फारच कमी, पण सहाला घरी. संध्याकाळी उंबऱ्यावर वडील आणि मी चहा घेऊन बसणार, ते आईबद्दल सांगणार, मी पोहायला कसा शिकलो ते सांगणार. मी एवढंसंच मागत होतो.

डॉक्टर म्हणाले होते, बोलणं हळूहळू येईल. आलंही. पहिला शब्द मला कळला म्हणून मी किती खूश झालो होतो. मी कामावरून आलो, चपला काढल्या, आणि माझ्याकडे बघून ते जड जिभेने म्हणाले, "पनि." मी धावत जाऊन पाणी आणलं. त्यांनी घोटभर घेतलं आणि पुन्हा म्हणाले, "पनि." मी पुन्हा आणलं. रोज हेच चालायचं. मी दिसलो की पनि. पेला तोंडाला लावला की ते पेल्यावरून माझ्याकडे बघत बघत प्यायचे, औषध घेतल्यासारखे. पंधरा-वीस दिवसांनी अक्का भाकरी घेऊन आल्या होत्या, त्यांनी हा प्रकार पाहिला.

"का पाजायलाय इतकं?"

"तेच मागतात, अक्का."

"पाणी न्हाई मागत रे ते. आपल्यात पनि म्हंजे काम. कामाला जातो म्हनायलेत." त्यांनी तेलुगूत वडिलांना काहीतरी विचारलं. वडिलांच्या तोंडून एकदम मोठी ओळ बाहेर पडली. पडल्यापासून मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. शब्द वाकडे होते, पण अक्कांना कळत होते. त्या हसून मान डोलवत होत्या आणि मी हातात पेला घेऊन उभा होतो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "होतं असं. आधी शिकलेली भाषा आधी परत येते कधीकधी. नंतरची येईल, किंवा येणारही नाही. तुमचीच भाषा आहे ना? मग अडचण काय?"

मी 'काही नाही' म्हणालो.

मी अक्कांकडे शिकवणी लावली, असंच म्हणायला हवं. सकाळी कामावर जायच्या आधी त्या विड्या वळत बसायच्या आणि मी समोर वही घेऊन. नीळ्ळु म्हणजे पाणी. नुव्वु म्हणजे तू, मीरु म्हणजे तुम्ही. चाळिशीत जीभ वळत नाही. अक्का हसायच्या नाहीत, पण त्यांच्या सुना आतून हसायच्या. एक दिवस मी अक्कांना सांगितलं की मला एक वाक्य आपोआप कळायला लागलंय. मी घरी आलो की बाबा 'कूर्चोंडि' म्हणतात, म्हणजे बसा.

अक्कांचा हात थांबला. "कूर्चोंडि म्हनतेत? तुला?"

"हो. का?"

"काय न्हाई." मग पानाकडे बघतच त्यांनी सांगून टाकलं. "पोराला कूर्चो म्हनायचं असतंय. बस. कूर्चोंडि परक्याला."

त्या संध्याकाळी अक्का मुद्दाम आल्या आणि माझ्यासमोर वडिलांना विचारलं, हे कोण आहेत? वडिलांनी माझ्याकडे बघितलं, खालच्या आवाजात उत्तर दिलं. अक्कांनी सांगायला टाळाटाळ केली. मी हट्ट धरला.

"मालकाचा मानूस म्हनतेत. कारखान्यातनं हजेरी बघायला येतंय म्हनतेत. म्हनून तुला बघितलं की कामाला येतो, कामाला येतो करतेत."

"आणि मी? त्यांचा मुलगा?"

"मुलगा बार्शीला हाय म्हनतेत." अक्कांनी पदराने डोळे पुसले. "रविवारी जायचंय म्हनतेत."

तेव्हा आमचं रविवारचं एक कोडं सुटलं. रविवारी सकाळी ते डाव्या हाताने खुंटीवरचा सदरा ओढायचे आणि आम्हाला वाटायचं, गरम होतंय, कपडे बदलायचेत. रविवार आहे हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे. बहुतेक नात घरी असायची त्यावरून. बायको तो सदरा काढून घ्यायची, ते पुन्हा ओढायचे. दुपारपर्यंत ही ओढाताण चालायची.

मी अक्कांकडून तीन शब्द पाठ केले. नेनु नी कोडुकुनि. मी तुमचा मुलगा आहे. आठवडाभर सायकलवरून जाता-येता म्हणत होतो. मग एका संध्याकाळी त्यांच्यासमोर पाटावर बसलो, त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि म्हणालो. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. शब्द त्यांना कळले होते, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. त्यांनी अदबीने मान हलवली.

"मंचिदि," ते म्हणाले. बरं. चांगलं आहे. "कूर्चोंडि."

माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला मात्र काहीच शिकवावं लागलं नाही. बोळातल्या पोरींबरोबर लगोरी खेळता खेळता तीन महिन्यांत तिला तेलुगू यायला लागलं. ती आजोबांजवळ बसून बोलायची, ते तिला 'बिड्डा' म्हणायचे, लेकरा. मी आलो की दोघंही गप्प व्हायची. ते भीतीने आणि ती त्यांच्याकडे बघून. बायको म्हणायची, निदान कुणाशी तरी बोलतात ना. हे बरोबरच होतं. पण मी चाकण सोडून आलो होतो, मस्कत सोडून आलो होतो, आणि माझ्याच घरात मी आत आलो की बोलणं थांबत होतं.

"त्यांना एकदा बार्शीला घेऊन जाऊ या," बायको म्हणाली. "तिथे नेऊन दाखवू. कदाचित डोक्यात काहीतरी जुळेल."

मला ते पटलं. आज वाटतं, पटायला नको होतं. पण तेव्हा मी काहीही करून पाहायला तयार होतो. रविवारी आम्हा चौघांसाठी गाडी सांगितली. वडिलांना सदरा घातला तेव्हा त्यांनी हात स्वतःहून वर केला. वाटेत त्यांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला पेरूवाली बसली होती. मी पेरू घेतले, ते त्यांनी मांडीवर धरून ठेवले.

वसतिगृहाची इमारत नवी झाली होती. निंबाचं झाड नव्हतं, तिथे गाड्या लावायची फरशी होती. मी आतल्या सरांना भेटून सगळं सांगितलं, ते भले गृहस्थ होते. खुर्ची आणून ठेवली. मुलांची जेवणाची वेळ झाली होती, ताटं घेऊन ती आवारातून रांगेने निघाली. वडील खुर्चीतून उठले. मी धरायला गेलो तर त्यांनी माझा हात बाजूला केला. एकेका मुलाचा चेहरा ते बघत होते. वाकून बघत होते. पहिली मुलं हसली, मग सगळी गप्प झाली. रांग संपली. शेवटच्या मुलाच्या मागे कुणी येतंय का म्हणून ते दाराकडे बघत राहिले. मग सरांकडे वळून त्यांनी काहीतरी विचारलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मुलीकडे.

"ते विचारतात," मुलगी हळूच म्हणाली, "माझा मुलगा कुठंय? त्याला कुणी नेलं?"

सर म्हणाले, "हे काय, तुमच्या शेजारीच उभे आहेत." वडिलांना ते मराठी कळलं नाही. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. मग पेरू खुर्चीवर ठेवले आणि स्वतःच भिंतीला धरत गाडीकडे निघाले.

त्यानंतर कुठल्याही रविवारी त्यांनी सदरा ओढला नाही. मला बघून 'पनि' म्हणणंही बंद झालं. नातीशी दोन-चार शब्द बोलायचे, तेही तिने विचारलं तर. आधी निदान ते रविवारची वाट पाहत होते. तेवढंही मी काढून घेतलं. बायकोला स्वतःचंच चुकलं असं वाटतं, आणि मी तिला अजून नीटपणे सांगू शकलेलो नाही की तसं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी ते गेले. सकाळची अकराची वेळ होती, कारखान्याला सुट्टी होती म्हणून मी घरीच होतो. अक्का तयार विड्या द्यायला गेल्या होत्या, मुलगी शाळेत, बायको दळणाला. मी त्यांची दाढी करून दिली होती, तोंड पुसत होतो. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि माझ्याकडे बघून बोलले. परक्याकडे बघतात तसं बघत नव्हते, असं मला वाटतं. वाटतं, एवढंच म्हणता येईल. चार-पाच शब्द होते. त्यात पनि नव्हतं, बिड्डा नव्हतं, मला येणारं काहीच नव्हतं. ते शब्द रेकॉर्ड करावेत तर फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. उठून आणावा तर मनगट सोडवावं लागलं असतं. मी म्हणालो, "मळ्ळी, मळ्ळी," म्हणजे पुन्हा, पुन्हा. त्यांनी पुन्हा म्हटलं नाही. हात सैल झाला. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही नव्हतं.

ते शब्द मी तोंडात धरून ठेवले. माणसं जमली, तिरडी बांधली, मी मनातल्या मनात तेच घोकत होतो. स्मशानातून आल्यावर अंघोळसुद्धा न करता अक्कांच्या दारात उभा राहिलो आणि जसे ऐकले तसे ते म्हणून दाखवले.

अक्कांनी कान पुढे केला. "पुन्हा म्हन."

म्हटलं.

"हळू म्हन."

हळू म्हटलं. त्यांनी एक शब्द असा असेल का, तसा असेल का, म्हणून दोन-तीन प्रकारे जुळवून पाहिला. सुनांना बोलावलं. मुलीलाही विचारलं. ती माझ्या ओठांकडे एकटक बघत होती आणि मग रडायला लागली. शेवटी अक्का म्हणाल्या, "कळंना रे बाळा. तुझ्या तोंडात येऊन ते तेलुगू राह्यलं न्हाई."

मस्कतवाल्यांचा मध्यंतरी परत फोन आला होता. मी नाही म्हणालो. सहाला घरी येतो, मुलीचा अभ्यास घेतो, रविवारी कुठलंही काम घेत नाही. बायको म्हणते तसं, जेवढं हातात आहे तेवढं तरी. पण मला खरं सांगायचं तर त्यात फारसा आनंद वाटत नाही. अंघोळ करताना मी अजून रोज ते शब्द म्हणून बघतो. पहिला आणि दुसरा पक्का आठवतो. तिसऱ्याचा शेवट आता मला नक्की सांगता येत नाही. त्यापुढचे, मी जे म्हणतो ते त्यांचे आहेत की माझेच मी केले आहेत, हे आता तपासायला कुणाकडे जायचं ते मला माहीत नाही.